वाईचे गुरुजी : स्वामी केवलानंद सरस्वती



जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात विनोबांचं नाव नवं नाही. पवनार काही फार लांब नाही, आणि गीताई तर कित्येकांच्या देवघरात असते. पण विनोबांना शास्त्र कोणी शिकवलं, हे आज घरात विचारून पाहा. बहुतेक जण गप्प बसतील. म्हणून आज त्या गुरुजींबद्दल.

त्यांचं मूळ नाव *नारायणशास्त्री मराठे*. जन्म ८ डिसेंबर १८७७, कोकणात कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातल्या सुडकोली गावी. शिकायला आले ते सातारा जिल्ह्यात वाईला, कृष्णेच्या काठी. तिथे स्वामी प्रज्ञानंद सरस्वतींजवळ बसून त्यांनी शास्त्रांचा अभ्यास केला. लग्न केलं नाही. जन्मभर शिकले आणि शिकवत राहिले.

१९१६ साली त्यांच्या वाईच्या *प्राज्ञपाठशाळे*ची रीतसर स्थापना झाली. काळ असा होता की नोकरीसाठी जो तो इंग्रजी शाळेकडे धावत होता. अशा वेळी न्याय, मीमांसा, वेदान्त शिकायला कोण येणार? पण आले. आणि कोण आले ते पाहा.

१९१७ मध्ये विनोबा गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन वाईला आले. शास्त्रीबुवांजवळ त्यांनी उपनिषदं, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रं वाचली. नुसती पोथी नाही हं! विनोबांनी तिथे विद्यार्थी मंडळ काढलं, वाचनालयासाठी मुलं लोकांचं दळण दळून पैसे जमवायची. हातात जात्याचा खुंटा आणि डोक्यात ब्रह्मसूत्र. आपल्या मुलांना हे जरूर सांगा. वर्ष संपताच, ठरल्या दिवशी विनोबा आश्रमात परत हजर.

दुसरे शिष्य धुळ्याकडच्या पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी. पोरवयात वाईला आले, १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळवली. १९३३ मध्ये गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात लागला, तेव्हा पौरोहित्य याच शास्त्र्यांनी केलं. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे वळले, पक्के बुद्धिवादी झाले.

आता आपण शिष्यमंडळी जरा थांबून विचार करू. एकाच गुरूजवळ शिकलेले दोघे. एक भूदानाची पदयात्रा करणारा संत, दुसरा देवधर्माची तर्काने चिकित्सा करणारा पंडित. आम्हाला तर यातच गुरुजींचं मोठेपण दिसतं. त्यांनी शिष्यांना साच्यात घातलं नाही. आणि तर्कतीर्थांनीही वाई सोडली नाही, गुरूंनी हाती घेतलेल्या धर्मकोशाचं संपादन त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

हा *धर्मकोश* म्हणजे काय? समजा, मुलीच्या वारसाहक्काचा प्रश्न आला. पूर्वी शास्त्री सांगेल ते खरं मानायचं, कारण वचनं शेकडो पोथ्यांत विखुरलेली. कोशात वेद, सूत्रं, स्मृती, टीका, सगळ्यांतली त्या विषयावरची वचनं एकापाठोपाठ एक लावून दिली. ज्याला संस्कृत येतं त्याने स्वतः ताडून पाहावं! ज्ञानाची किल्ली आपल्याच कमरेला ठेवणारा माणूस असलं काम हाती घेत नाही. न्यायदान, कर्ज, साक्षीपुरावा, वारसा असे विषय ज्यात येतात त्या व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ मध्ये निघाला.

त्याआधी १९३१ साली शास्त्रीबुवांनी संन्यास घेतला आणि ते *केवलानंद सरस्वती* झाले. संन्यास म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. स्वामीजी मात्र ग्रंथांतच राहिले. वैदिक ग्रंथांच्या सूची केल्या, आणि मग *मीमांसाकोश* हाती घेतला. वेदवाक्याचा अर्थ कसा लावायचा, दोन वचनं एकमेकांविरुद्ध गेली तर कोणतं धरायचं, हे मीमांसा शिकवते. त्या अवाढव्य शास्त्रातला एकेक शब्द, एकेक विचार अक्षरक्रमाने लावायचा. कंटाळवाणं काम, वाहवा करायला कोणी नाही. एका माणसाने ते केलं.

पहिला खंड छापून आला १९५२ मध्ये. १ मार्च १९५५ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. उरलेल्या खंडांची छपाई वाईच्या मंडळींनी चालू ठेवली, सातवा आणि शेवटचा खंड १९६६ साली बाहेर पडला.

🙏