थिबा राजा : ब्रह्मदेशचा राजा, रत्नागिरीचा कैदी

विद्यार्थी मित्रांनो, रत्नागिरीला गेलात की थिबा पॅलेस बघताच ना? लाल रंगाचा तीन मजली वाडा, उतरती छपरं आणि लाकडी कोरीवकामाच्या खिडक्या. पण हा वाडा राजाच्या हौसेसाठी नव्हता, तर कैदेसाठी होता. ही गोष्ट त्या राजाची.

थिबाचा जन्म १८५९ सालचा. १८७८ मध्ये तो ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या गादीवर बसला. राजधानी मंडाले. सिंहासन पक्कं करण्यासाठी पुढच्याच वर्षी राजघराण्यातल्या अनेकांना ठार करण्यात आलं. तेव्हा थिबाला अगदी निर्दोष समजू नका.

१८८५ मध्ये सागवानाच्या व्यापारावरून इंग्रजांशी वाद पेटला. इंग्रजांच्या बोटी इरावती नदीतून वर आल्या आणि अवघ्या दोन आठवड्यांत राज्य गेलं. राजा, राणी सुपयालत आणि लहान मुलींना बोटीत बसवून आधी मद्रासला नेलं, मग १८८६ मध्ये रत्नागिरीला. का बरं? तेव्हा इथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद. कैदी ठेवायला याहून सोयीची जागा कुठली?

वीस वर्षांहून जास्त काळ राजा बंगल्यांत राहिला. पॅलेस १९१० च्या सुमारास तयार झाला. तिथे तो जेमतेम सहा वर्षं जगला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. मायदेश पुन्हा दिसलाच नाही. राणीला मृतदेह ब्रह्मदेशात न्यायचा होता, पण इंग्रजांनी परवानगी दिली नाही. १९१९ मध्ये राणी रंगूनला परतली, राजा मात्र रत्नागिरीतल्या समाधीतच राहिला. थोरल्या राजकन्येने वाड्यातल्या गोपाळ सावंतांशी संसार मांडला, तीही इथलीच झाली.

आता एक योगायोग बघा. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी १८५८ मध्ये रंगूनला पाठवलं. १८६२ मध्ये तो तिथेच वारला. म्हणजे भारताचा बादशहा ब्रह्मदेशच्या मातीत आणि ब्रह्मदेशचा राजा आपल्या कोकणच्या मातीत!

पॅलेस तर सगळेच बघतात. पुढच्या वेळी समाधीपाशीही जाऊन या, मुलांनो. परक्या गावात राहिलेला तो पाहुणा आपल्याच जबाबदारीचा आहे.