अक्षराआधी हात : डॉ. मारिया माँटेसरी

माझा सात वर्षांचा भाचा स्वमग्न आहे. चित्रांच्या जोड्या तो झटकन लावतो. हातात पेन्सिल दिली, की मात्र भिरकावून देतो. त्याच्यासाठी वाट शोधताना मी डॉ. मारिया माँटेसरी यांच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. बालवाड्यांच्या पाट्यांवर त्यांचे नाव आपण नेहमी वाचतो. पण त्यांच्या पद्धतीचा उगम फारसा कुणाला ठाऊक नसतो.

मारियाबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील क्यारावाल्ले गावी झाला. १८९६ साली त्या रोममध्ये डॉक्टर झाल्या. वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मतिमंद मुले पाहून हा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे लेखन त्यांनी भाषांतर करून स्वतःच्या हाताने उतरून काढले. १९०० साली अशा मुलांसाठी रोममध्ये शाळा निघाली, तेथे त्या दिवसभर राबत.

एका मुलीला काही केल्या शिवण जमेना. बाईंनी सुई बाजूला ठेवून तिला पट्ट्या विणण्याचा खेळ दिला. तो हातात बसल्यावर शिवणही जमले. कामाआधी त्या कामाची हालचाल हाताला शिकवावी, हा धडा बाईंनी यातून घेतला. मग लाकडी अक्षरे आली : स्वर तांबडे, व्यंजने निळी. मुले ती पाहत, बोटाने गिरवीत. पुढे त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने लेखनवाचनाची परीक्षा उत्तीर्ण झाली. लोकांना तो चमत्कार वाटला. बाईंना मात्र धडधाकट मुलांच्या शाळांचीच काळजी वाटू लागली.

६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीत त्यांचे बालगृह उघडले. लाकडी अक्षरे परवडेनात, म्हणून त्यांनी पॉलिशपेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. त्याच डिसेंबरात गच्चीवर खडूने धुराडे काढता काढता पाच वर्षांचा एक मुलगा एकाएकी शब्द लिहू लागला आणि आनंदाने ओरडत सुटला.

१९३९ साली बाई अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आज जगभर पसरलेली ही पद्धत मुळात टाकून दिलेल्या मुलांनी घडवली, हे विसरता कामा नये. भाच्याला खरखरीत स्पर्श सोसत नाही. म्हणून आम्ही मखमलीचा 'र' कापला आहे. तो त्यावरून बोट फिरवतो. पेन्सिल अजून कपाटातच आहे, आणि आम्हाला घाई नाही.