शंतनुराव किर्लोस्कर

मुलांनो, शेतातल्या डिझेल इंजिनाचा आवाज तुम्ही ऐकला असेल. अशी इंजिने बनवण्यासाठी शंतनुराव किर्लोस्कर यांनी १९४६ साली पुण्यात कंपनी काढली. तिचा कारखाना खडकीला होता.

त्यांचा जन्म १९०३ साली सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव लोखंडी नांगर बनवत. शंतनुराव अमेरिकेत शिकून १९२६ साली इंजिनिअर झाले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा खूप तापते. तिच्यात नॉझलमधून डिझेलचा फवारा उडतो आणि पेट घेतो. नॉझलची छिद्रे सुईच्या टोकासारखी बारीक! त्यांत काजळी साचली, की फवाऱ्याऐवजी थेंब गळतात, काळा धूर निघतो, पंप पाणी ओढत नाही. मग विहीर भरलेली असूनही पीक वाळते. म्हणून नुसते इंजिन विकून भागत नाही, गावात जाणता मिस्त्रीही लागतो. तो नॉझल स्वच्छ डिझेलमध्ये धुतो, पितळी ब्रशने काजळी काढतो आणि हातपंपाने दाब देऊन फवारा पाहतो. (जाड तारेने छिद्र खरवडणारा मिस्त्री खरा नव्हे, छिद्र मोठे होते.) त्या फवाऱ्यापुढे हात मात्र कधी धरू नका, डिझेल कातडीतून आत शिरते.

१९६५ साली शंतनुरावांना पद्मभूषण हा किताब मिळाला. १९९४ साली ते वारले.