एरिक डॉल्फी : तीन वाद्ये, चार वर्षे

नवी दिल्ली, २९ जून : ऑल्टो सॅक्सोफोन, फ्लूट आणि बास क्लॅरिनेट या तिन्ही वाद्यांवर सारखेच प्रभुत्व असलेले अमेरिकी जॅझवादक एरिक डॉल्फी यांचा आज स्मृतिदिन.

डॉल्फी यांचा जन्म २० जून १९२८ रोजी लॉस एंजेलिस येथे, पनामाशी नाते असलेल्या कुटुंबात झाला. १९५८ मध्ये ड्रमवादक चिको हॅमिल्टन यांच्या पथकात ते दाखल झाले, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 'आउटवर्ड बाउंड' त्यांनी १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केला.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला प्रयोगशील 'आउट देअर' आणि अवघ्या चार दिवसांनी लॅटिन जॅझ क्विंटेटसमवेत 'कॅरिबे' हे अल्बम ध्वनिमुद्रित झाले. 'कॅरिबे'मध्ये काँगा आणि व्हायब्राफोनच्या नाचऱ्या लयीवर डॉल्फी यांचे तुटक, उंच झेपावणारे स्वर ऐकू येतात. हा मेळ सर्वत्र जुळत नाही. मात्र पाहुणा म्हणून जाऊनही आपली बोली न सोडणारा कलावंत येथे भेटतो.

नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये जॉन कोल्ट्रेन यांच्या 'इंडिया' या रचनेत त्यांचा बास क्लॅरिनेट घुमला.

फेब्रुवारी १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला 'आउट टू लंच' प्रकाशित होण्यापूर्वीच, निदान न झालेल्या मधुमेहामुळे २९ जून रोजी पश्चिम बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रण करण्यास त्यांना जेमतेम चार वर्षे लाभली. जॅझमध्ये बास क्लॅरिनेटला एकल वाद्याचा मान मिळाला, त्याचे श्रेय मुख्यत्वे त्या चार वर्षांना जाते.