विल्यम लॅम्बटन

विल्यम लॅम्बटन (जन्म: इ.स. १७५३ च्या सुमारास, यॉर्कशायर, इंग्लंड. मृत्यू: २० जानेवारी, इ.स. १८२३, हिंगणघाट) हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी व भूमापनशास्त्रज्ञ होते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला. भारताच्या दक्षिण टोकापासून ७८° पूर्व रेखावृत्ताच्या आसपास त्यांनी उत्तरेकडे मोजत नेलेला कंस बिदरच्या पुढे आजच्या नांदेड जिल्ह्याच्या परिसरातून वऱ्हाडात गेला. नकाशे हे या कामाचे दुय्यम फळ होते. पृथ्वीचा नेमका आकार ठरवणे हा लॅम्बटन यांचा मूळ हेतू होता.

पूर्वायुष्य

इ.स. १७८१ मध्ये ते पायदळात दाखल झाले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ते कैद झाले आणि सुटकेनंतर काही वर्षे कॅनडात राहिले. तेथे सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याला इजा झाली; उरलेले आयुष्य दुर्बिणीतून वेध घेण्यात गेलेल्या माणसाच्या बाबतीत ही नोंद घेण्याजोगी आहे. इ.स. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत ते सहभागी होते. त्याच वर्षी त्यांनी सर्वेक्षणाची योजना सरकारपुढे मांडली.

साखळी आणि तापमान

मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे १० एप्रिल १८०२ रोजी आधाररेषेचे मोजमाप सुरू झाले. सुमारे १२ किलोमीटरची ही रेषा मोजण्यास ५७ दिवस लागले. या पद्धतीत प्रत्यक्ष लांबी केवळ आधाररेषेची मोजली जाते. पुढील त्रिकोणांचे कोन थिओडोलाइटने मोजून बाजू गणिताने काढतात. त्यामुळे आधाररेषेतील चूक त्याच प्रमाणात साऱ्या त्रिकोणांत उतरते.

मोजणीसाठी १०० फुटांची पोलादी साखळी वापरली होती. लंडनचे यंत्रकार जेसी रॅम्सडेन यांनी ती बनवली होती. ब्रिटिश वकिलातीने चीनच्या बादशहाला ती भेट म्हणून नेली; ती नाकारली गेली आणि अखेरीस भारतात आली. उन्हात पोलाद वाढते. तापमान १०° सेल्सियसने चढले, तर एवढी साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांबते. हे किरकोळ वाटते, पण १२ किलोमीटरच्या आधाररेषेत त्याचा फरक सुमारे १.४ मीटर होतो. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी तापमापक ठेवले जात आणि प्रत्येक मोजमाप ६२° फॅरेनहाइट या एकाच प्रमाण तापमानाला आणले जाई. दुसरी साखळी मैदानात न वापरता केवळ मानक म्हणून जपली होती. कामाची साखळी झिजली किंवा ताणली गेली का, हे तिच्याशी ताडून पाहत.

मराठवाड्यातील टप्पा

इ.स. १८१५ मध्ये बिदरजवळ दामरगिद्दा येथे आधाररेषा मोजली गेली. आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतचा हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. येथून वऱ्हाडातील टाकळखेड्यापर्यंतचा सुमारे ३३५ किलोमीटरचा टप्पा गोदावरी ओलांडून जातो.

पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने विषुववृत्ताकडून उत्तरेस जाताना अक्षांशाच्या एका अंशाची लांबी वाढत जाते. नांदेडच्या अक्षांशाजवळ ही वाढ दर अंशामागे केवळ १२ मीटरच्या आसपास आहे, तर एक अंश सुमारे ११० किलोमीटरचा असतो. तापमानाची १०° सेल्सियसची दुरुस्ती राहून गेली, तर तेवढ्या अंतरात जवळपास तितकीच चूक होते. म्हणजे जे शोधायचे तेच चुकीत बुडून जाते.

या मुलखात अंतर कोसात आणि जमीन काठीने मोजण्याची रीत होती. शिवकाळातील काठी पाच हात पाच मुठींची सांगितली जाते. महसुलासाठी अशी मापे पुरेशी होती, कारण गाव, शेत आणि काठी तिन्ही एकाच मुलखातली. लॅम्बटन यांचा अंश मात्र फ्रान्समध्ये मोजलेल्या अंशाशी ताडायचा होता. फ्रेंचांनी त्याच सुमारास पृथ्वीच्या परिघावरून मीटर ठरवला होता. फूट आणि मीटर यांचे नेमके गुणोत्तर कळल्याशिवाय या दोन्ही मोजणींतून पृथ्वीचा एकच आकार निघणे शक्य नव्हते.

मानकांची तुलना

हा प्रश्न लॅम्बटन यांचे माजी सहायक हेन्री केटर यांनी पुढे नेला. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी इ.स. १८१८ मध्ये मीटरची इंग्रजी मापाशी तुलना केली आणि इ.स. १८२१ मध्ये ब्रिटनमधील निरनिराळ्या मानक पट्ट्यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात लॅम्बटन यांची पट्टीही होती. एकाच देशातील हे यार्ड परस्परांशी तंतोतंत जुळत नव्हते. हा फरक अतिसूक्ष्म असला, तरी भारतीय कंसाच्या आकड्यांत त्यामुळे दुरुस्ती करणे भाग पडले.

मृत्यू आणि उत्तरकाळ

हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तेथेच आहे. त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम हाती घेतले. साखळीवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्या आणवल्या. दोन धातूंच्या प्रसरणातील फरकामुळे या पट्ट्यांवरील खुणांमधले अंतर तापमान बदलले तरी कायम राहते. त्या वापरून बिदरची आधाररेषा इ.स. १८४१ मध्ये पुन्हा मोजली गेली.

लॅम्बटन यांच्या मोजणीच्या आधारे एव्हरेस्ट यांनी इ.स. १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे काढले, ते फुटांत होते. पुढे ते मीटरमध्ये आणताना फुटाची किंचित वेगवेगळी गुणोत्तरे घेतली गेली. त्यामुळे एकाच एव्हरेस्ट गोलाभाची मीटरमधील मूल्ये भारत, पाकिस्तान आणि मलेशिया यांच्या भूमापनात आजही थोडी निरनिराळी आढळतात.