रमण राघव : निवडीमागे वैर नव्हते

मुंबई : १९६० च्या दशकात मुंबईची झोप उडविणारा रमण राघव आपले बळी ओळखीतून निवडत नव्हता, वैरातूनही नाही. पदपथावर वा रेल्वेमार्गालगतच्या झोपडीत निजलेला जो हाताशी येई, त्याच्यावर जड, बोथट हत्याराचा घाव पडे. १९६५-६६ मध्ये १९ जणांवर हल्ले झाले, ९ दगावले. संशयावरून तो पकडला गेला, परंतु थेट पुराव्याअभावी सुटला. १९६८ मध्ये उपनगरांत पुन्हा हत्यासत्र सुरू झाले. कडीकोयंड्याआडची माणसे भीतीने जागी राहिली; मारली गेली ती मात्र धड दारही नसलेली. बळीच्या निवडीत त्याची असुरक्षितता आणि सहज सापडणे निर्णायक ठरते, हे गुन्हेगारीशास्त्राचे निरीक्षण येथे जसेच्या तसे दिसते. हेतू शोधणाऱ्या तपासाला म्हणूनच धागा गवसेना.

रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी वर्णनावरून राघवला हेरून अटक केली.

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. त्याने अपील केले नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या तीन मनोविकारतज्ज्ञांनी जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान केले आणि १९८७ मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आली. येरवड्यात उपचार घेत असतानाच १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडविकाराने त्याचा मृत्यू झाला.