ज्याँ दोसे : रक्तातली ओळख शोधणारा डॉक्टर

माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीच्या धाकट्या भावास मागे रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी रोग दबे, पुन्हा उसळे. अखेर दुसऱ्या कोणाची तरी अस्थिमज्जा दिल्यावाचून गत्यंतर नाही असे ठरले आणि दोघी थोरल्या बहिणींचे रक्त तपासणीस गेले. मधली बहीण चेहऱ्यामोहऱ्याने भावाची सावलीच. तिचीच मज्जा चालणार असे सारे घर धरून बसले होते. चालली ती माझ्या विद्यार्थिनीची, जिचे भावाशी रूप जुळत नाही की स्वभाव. हे कसे, असे त्यांच्या आजींनी मला विचारले. गाणे शिकविणारा माणूस काय सांगणार! उत्तर शोधता शोधता ज्याँ दोसे या फ्रेंच डॉक्टरांचे चरित्र हाती लागले.

दोसे यांचा जन्म १९१६ साली तुलूझ येथे झाला. वडीलही डॉक्टरच. पॅरिसला वैद्यकीचे शिक्षण चालू असताना महायुद्ध भडकले. उत्तर आफ्रिकेत स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात जखमींना रक्त देण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि रक्ताशी त्यांची जन्माची गाठ पडली. युद्ध संपल्यावर त्यांनी मित्रांच्या साथीने पॅरिसमध्ये चित्रांचे एक दालन चालविले. नव्या वळणाच्या चित्रकारांचा तेथे राबता असे. दिवसा इस्पितळ आणि फावल्या वेळी ही मंडळी! हा नाद पुढे कसा कामी आला ते ओघाने येईलच.

१९५२ साली एका रुग्णाच्या बाबतीत त्यांना चमत्कारिक गोष्ट दिसली. त्यास पुष्कळदा परक्याचे रक्त दिलेले होते. त्याच्या रक्तातील निवळ दुसऱ्याच्या रक्तात मिसळताच तेथील पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. स्वतःच्या पेशींस मात्र ती निवळ शिवेना. म्हणजे पांढऱ्या पेशींवर आपपर ओळखण्याची काही खूण असली पाहिजे. ए, बी, ओ हे तांबड्या पेशींचे गट १९०१ पासून ठाऊक होते. ही गोष्ट निराळी. सहा वर्षे चिकाटीने तपास करून १९५८ साली त्यांनी अशी पहिली खूण जाहीर केली आणि तिला तीन स्वयंसेवकांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘मॅक’ असे नाव दिले. त्या साऱ्या खुणांना आज एच.एल.ए. म्हणतात.

योगायोग असा, की त्याच वर्षी युगोस्लाव्हियातील विंचा येथे अणुभट्टीचा अपघात झाला. किरणांनी होरपळलेल्या सहा जणांना पॅरिसला आणले. त्यांपैकी पाच जणांना डॉ. जॉर्ज मातें यांनी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. चार वाचले, एक दगावला. परक्या मज्जेने मात्र कोणाच्याही देहात कायमचे घर केले नाही. जुळणी पाहण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

मज्जेची गोष्ट मूत्रपिंडाहून अवघड. परके मूत्रपिंड देह झिडकारतो. पण मज्जा ही देहाच्या शिबंदीचीच जननी असल्यामुळे जुळणी चुकली तर पाहुणाच यजमानावर उठतो आणि त्याची कातडी, आतडी, यकृत पोखरतो. या खुणांचा खरा कस पाहण्यासाठी दोसे यांनी शेकडो स्वयंसेवकांच्या त्वचेचे तुकडे एकमेकांस लावून पाहिले. कोणाचा किती दिवस टिकतो, ते मोजले. त्या अनाम माणसांचे मला फार कौतुक वाटते.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. या खुणांची बीजे सहाव्या गुणसूत्रावर एका जागी दाटीने असतात. एक जुडी आईकडून, एक बापाकडून, बहुधा अखंडच मिळते. म्हणून दोन सख्ख्या भावंडांची पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. नाकडोळ्यांची बीजे निराळी, त्यांचा हिशेबही निराळा. तंबोऱ्याची तार खुंटी पिळून सुरात आणता येते. येथे पिळायला खुंटी नाही. (अलीकडे औषधांच्या बळावर अर्ध्या जुळणीवरही काम भागवितात.) घरात कोणीच जुळले नाही, तर जगभरच्या दात्यांच्या याद्या पाहतात. त्यांत चार कोटींहून अधिक नावे आहेत, पण भारतीयांची फारच थोडी. आणि जुळणी तर एका मूळच्या लोकांतच सापडण्याचा संभव अधिक. आपल्याकडील किती तरुणांनी आपले नाव तेथे नोंदविले असेल?

अशी जुळणी पाहून दिलेली बहिणीची मज्जा १९६८ साली अमेरिकेत एका तान्ह्या मुलास लागू पडली. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हा उपचार १९८३ साली प्रथम झाला. दोसे यांना १९८० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्या चित्रदालनाच्या ओळखीतल्या एका बाईंनी आपला चित्रसंग्रह त्यांच्या संशोधनासाठी ठेवला. त्या पैशावर १९८४ साली पॅरिसला एक संस्था उभी राहिली. मोठ्या कुटुंबांतील तीन-तीन पिढ्यांचे रक्तनमुने तिने जगातील प्रयोगशाळांना वाटले. मानवी बीजांचा पहिला नकाशा काढण्यास ते उपयोगी पडले. २००९ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, मायोर्का बेटावर दोसे निवर्तले.

आजींना हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि नातवाचा कागद पुढे केला. आजारापूर्वी त्याचा रक्तगट बी होता. कागदावर आता ओ आहे, बहिणीचा.